एकट्या माउलीची चटणी

पुण्यातल्या कंपनीनं एका सकाळी अर्धा मजला रिकामा केला, त्यात रूपालीचीही खुर्ची गेली. सात वर्षं ती तिथं दुसऱ्यांच्या मालाच्या जाहिराती मोबाईलवर चालवत होती. कुणाच्या गाद्या, कुणाचं केसांचं तेल, कुणाचे क्लासेस. कोल्हापूरला परतली तेव्हा वय बत्तीस, जवळ एक लॅपटॉप आणि मनात एवढीच खात्री, की अंगठा वर सरकवणारा माणूस कशानं थांबतो ते आपल्याला कळतं.

विकायचं काय, हा प्रश्न तिला पडलाच नाही. कुरुंदवाडच्या सरूआत्तीची कांदा-लसूण चटणी सगळ्या पै-पाहुण्यांत नावाजलेली होती. आत्ती म्हणजे रूपालीच्या वडिलांची, आण्णांची, थोरली बहीण. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा प्रसेनजीत वारणानगरला साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला, बायको पूर्णिमा आणि लहान मुलीला घेऊन तिथल्याच कॉलनीत राहायचा. आईला त्यानं दोनदा तिकडं नेऊन बघितलं होतं. आत्ती आठ दिवस राहायची आणि नवव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. शेजारणी आणि शेळी सोडून तिला करमायचं नाही. मग तोच दर रविवारी एसटीनं तिच्याकडं यायचा. औषधं आणायचा, जळण फोडून ठेवायचा, जेवून संध्याकाळच्या गाडीनं परत.

रूपालीचं आणि प्रसेनदादाचं चांगलं गूळपीठ होतं. तिच्या कॉम्प्युटरच्या कोर्सचा फॉर्म त्यानं रांगेत उभं राहून भरला होता. पहिल्यांदा पुण्याला जाताना आण्णांना रजा मिळाली नाही, तेव्हा ट्रंक खांद्यावर घेऊन तोच सोबत गेला आणि हॉस्टेलच्या दारात, "जेवत जा वेळंवर," एवढंच बोलून वळला होता.

कोल्हापूरला लागूनच कळंब्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन रूपालीनं 'सरूआत्तीची चटणी' सुरू केली आणि पुडीवर आत्तीचा फोटो छापला. मसाला आत्ती घालून द्यायची, पण मोठा घाणा गिरणीवर कुटून यायचा आणि तसं पुडीवर स्वच्छ छापलेलं असायचं. पुड्या भरायला आणि पत्ते चिकटवायला मोना नावाची शेजारची मुलगी आली. बी. कॉम. झालेली, हाताची चलाख आणि बोलायला त्याहून.

पहिले सहा महिने गाडी रडतखडत चालली. रूपालीची पद्धत ठरलेली होती. दर सोमवारी चार वेगवेगळ्या जाहिराती थोड्या थोड्या लोकांना दाखवायच्या, गुरुवारी बघायचं कुठं लोक थांबले, आणि तीन बंद करून चौथीवर जोर लावायचा. मग चौथीच्याच चार तऱ्हा करायच्या. पुण्यातल्या हॉस्टेलवरच्या पोरांना झुणक्याचा व्हिडिओ चालला, मुंबईतल्या कोल्हापूरकरांना पांढऱ्या-तांबड्या रश्श्याचा. पावसाळ्यात मागणी बसली तेव्हा तिनं गरम भाकरी आणि चटणीवर तेल सोडतानाचा नुसता आवाज टाकला, तर तोही थोडा चालला. लोक जसे वळतील तसं आपण वळायचं, हे ती मोनाला शिकवत होती. त्यात वावगं काही नव्हतं. धंदा हळूहळू उभा राहत होता.

नोव्हेंबरात ती व्हिडिओ करायला कुरुंदवाडला गेली. आत्ती उखळात लवंगी मिरची कुटत होती. खकाणा उडाला, दोघींना ठसका लागला. आत्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं डोळे पुसत ती सहज बोलली, "प्रसेन ह्या रविवारी आलाच न्हाय. मी हाय आन् माझं उखळ हाय." मग हसली आणि पुढं म्हणाली, "कारखाना सुरू झालाय न्हवं, रजा कुठली मिळायची. बुधवारी येतो म्हणालाय. माझं पोरगं चुकायचं न्हाय."

रूपालीनं घरी येऊन चौदा सेकंदांचा तुकडा काढला. डोळ्यांतलं पाणी, पदर, 'आलाच न्हाय' आणि 'मी हाय आन् माझं उखळ हाय'. नाव तेवढं काढून टाकलं. हसणं आणि पुढचं बोलणं लांब होत होतं म्हणून कापलं. निदान त्या दिवशी कारण एवढंच होतं. वर ओळ टाकली, 'लेकराची वाट बघणारी माउली.'

गुरुवारी आकडे बघून ती खुर्चीत सरळ बसली. बाकीच्या तिन्हींवर मिळून जेवढे लोक थांबले नव्हते, तेवढे या एकीवर थांबले होते.

मग नेहमीप्रमाणे त्या जाहिरातीच्या चार तऱ्हा करायची वेळ आली. ओळी सुचवणारं एक एआय साधन ती वापरायची. त्यानं पाच ओळी दिल्या. चौथी होती, 'पोटच्या पोरानं पाठ फिरवली. हिनं मुसळ खाली ठेवलं नाही.' भर दुपारी, बाहेर मोना चिकटपट्टी फाडत असताना, रूपाली त्या ओळीकडं दहा मिनिटं बघत बसली. ओळ खोटी आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं. व्हिडिओत प्रसेनदादाचं नाव नाही, आत्तीकडं साधा फोन, आठवडाभर चालवून बघू, एवढं तिनं स्वतःला समजावलं आणि बटण दाबलं. पुढं कितीतरी दिवस ती मनाशी घोकत राहिली की ती ओळ यंत्राची होती. पण पाचांतली ती निवडणारं बोट तिचंच होतं.

आठवड्यात पुड्या कमी पडल्या. आणखी दोन बाया पुड्या भरायला आल्या. लोक चटणीला आपसूक 'एकट्या माउलीची चटणी' म्हणू लागले, तर रूपालीनं तेच नाव जाहिरातीला दिलं. खाली कमेंटचा पूर आला. 'असल्या पोराला चाबकानं फोडला पाहिजे.' 'आईच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्याचं कधी भलं होणार नाही.' 'दहा पुड्या मागवल्या, माउलीला साथ द्या.' रूपाली त्या वाचायची आणि अर्ध्यावर सोडायची. पण लोक चिडून जितकं लिहायचे, तितकी जाहिरात आपोआप आणखी लोकांपुढं जायची, हेही तिला दिसत होतं. संक्रांतीनंतर बदलू, असं तिनं ठरवलं. संक्रांत गेली. मग हंगाम संपू दे, असं ठरवलं.

फेब्रुवारीच्या मध्याला कुणीतरी विचारलं, 'कोण हा नालायक मुलगा?' त्याखाली एकानं लिहिलं, 'आमच्या वारणानगरच्या कॉलनीतला प्रसेनजीत. बॉयलरवर आहे. बाहेर लई साळसूद दिसतो.'

रूपालीनं ते सकाळी साडेदहाला वाचलं. ती कमेंट लपवायला एक क्षण लागला असता. पण तिच्याखाली तोवर दोनशे माणसं भांडत होती, आणि त्या दिवशीची मागणी आजवरची सगळ्यात मोठी होती. तिनं फोन पालथा ठेवला आणि पुड्या मोजायला उठली. कमेंट तशीच राहिली. एक दिवस नाही, तीन आठवडे.

मार्चमध्ये एका दुपारी पूर्णिमावहिनी कळंब्याच्या खोलीवर आली. एकटीच, हातात कापडी पिशवी. चपला दाराबाहेर नीट ओळीनं काढून आत आली आणि पुड्यांच्या ढिगाकडं बघत स्टुलावर बसली. मोनानं पाणी दिलं, आणि ताईचा चेहरा बघून ती बाहेर गेली.

"वाढलंय की काम," वहिनी म्हणाली.

"हं. वहिनी, दादा बरा हाय न्हवं?"

"बरा हाय." वहिनीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "रूपाताई, मी भांडाय आलो न्हाय. त्या खालचं ह्यांचं नाव तेवढं काढा. बाकी तुमचा धंदा हाय, तुमचं तुम्ही बघा."

रूपालीनं हातातली पुडी खाली ठेवली.

"अवंदा जयंतीच्या कमिटीचं अध्यक्ष ह्यास्नीच करायचं ठरलं होतं," वहिनी सांगत राहिली, आवाज न चढवता. "बारा वर्षं राबल्यात त्या कामात. बैठकीत एकजण उठून म्हणाला, आईला सांभाळत न्हाय त्यो बाबासाहेबांची जयंती काय सांभाळणार. हे उठून घरला आले. मी म्हटलं, सांगा की लोकास्नी, दर रविवारी जातो म्हणून. तर म्हणाले, कुणाकुणाला सांगू."

"दादानं मला एक फोन केला असता तर..."

"केला असता, आन् तुम्ही काय केलं असतं?"

ती चिडून विचारत नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारत होती.

वहिनी उठली. दाराशी जाऊन थांबली. "एक सांगतो. आता हे आईकडं गेलं की फोटो काढत्यात. आईसंगं जेवताना, आईचं पाय चेपताना. आदी कवा काढला न्हवता. आन् कॅन्टीनमधी कुणी न विचारता दावत बसत्यात, ह्यो बगा गेल्या रविवारचा, ह्यो त्याच्या आदल्या रविवारचा. मला बगवत न्हाय."

चपला घालून ती गेली. रूपालीनं त्याच मिनिटाला कमेंट काढली आणि जाहिरात बंद केली. मग शोधलं, तर तोच तुकडा निदान वीस जणांनी आपापल्या पानावर उचलून टाकलेला. एकानं मागं रडवं संगीत लावलं होतं. एकानं 'सत्य घटना' असं लिहिलं होतं. आपण एक दार लावलं आणि बाहेर सगळं गाव तेच बोलतंय, असं तिला झालं.

मोनानं सगळं ऐकून घेतलं. थोडा विचार करून म्हणाली, "ताई, मग आई आणि मुलगा एकत्र आले, असा व्हिडिओ करूया की. माफीबी होईल आणि लोक लई उचलतील बघा. आधीच्यापेक्षा जोरात चालंल."

रूपाली तिच्यावर ओरडायला गेली आणि थबकली. कारण मोना बोलायच्या आधीच तिच्याही डोक्यात ते येऊन गेलं होतं. मिठीचं दृश्य आधी दाखवायचं की शेवटी, दोन्ही करून बघावं, इथवर ती मनातल्या मनात पोचली होती. स्वतःचीच तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी ती कुरुंदवाडला गेली. आत्ती दारात मिरचीची देठं काढत बसली होती. रूपाली शेजारी बसली, तिनंही चार देठं काढली, आणि मग फोन पुढं धरून म्हणाली, "आत्ती, मी एक वाईट काम केलंय. आधी हे बघ."

आत्तीनं चौदा सेकंद बघितले. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितले. अक्षरं तिला वाचता येत नव्हती. "वर काय लिवलंय?"

रूपालीनं वाचून दाखवलं. स्वतःची ओळ आत्तीच्या तोंडासमोर मोठ्यानं वाचताना ती मध्येच थांबली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग कॉलनीतलं, कमिटीतलं, सगळं सांगितलं. नाव तीन आठवडे दिसत असूनही आपण ठेवलं, तेसुद्धा सांगितलं. ते सांगितलं नसतं तर आत्तीला कधीच कळलं नसतं, म्हणूनच सांगितलं.

आत्तीचे देठ काढायचे हात चालूच होते.

"मी असं म्हणालतो?"

"म्हणालीस. पण पुढचं मी कापलं."

"पुढचं काय?"

पूर्ण व्हिडिओ फोनमध्ये होता. रूपालीनं लावला. आत्तीचं हसणं आलं, 'कारखाना सुरू झालाय न्हवं' आलं, 'माझं पोरगं चुकायचं न्हाय' आलं. ते ऐकलं आणि आत्तीचे डोळे भरले. आज मिरचीचा खकाणा नव्हता.

"तरीच," ती म्हणाली. "गेलं दोन महिनं पोरगं येतंय आन् माझ्या तोंडाकडं बगत बसतंय. म्हटलं ह्येला कायतरी दुखतंय. इचारलं तर म्हणतंय, आई, मी तुला कमी पडलो का. मी हसलो त्येला." तिनं रूपालीकडं बघितलं. "मी हसलो गं त्येला."

रूपालीनं आत्तीच्या पायाला हात लावला. आत्तीनं पाय ओढून घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

"चटणी करून देतो मी," ती शेवटी म्हणाली. "त्या बायांचं पोट हाय त्येच्यावर. पण माझं तोंड काढ पुडीवरनं. नावबी काढ. आन् हे सबंद हाय ते दाव लोकास्नी. तेवडंच दाव, वर दुसरं काय लिवू नगंस."

"एक ओळ लिहावी लागंल, आत्ती. मी खोटं लिहिलं होतं, ही."

आत्तीनं मान डोलावली.

रूपालीनं पूर्ण व्हिडिओ टाकला, एक मिनिट दहा सेकंदांचा. वर लिहिलं, 'आधीची ओळ खोटी होती. ती मी लिहिली होती. हा मुलगा दर रविवारी आईकडे जातो. रूपाली.' चार तऱ्हा केल्या नाहीत. एकच. आणि मग सात वर्षांत शिकलेलं सगळं तिनं त्याच्यामागं लावलं. ज्यांनी जुनी जाहिरात बघितली होती, ज्यांनी खाली लिहिलं होतं, वारणानगरच्या आसपास जे राहतात, त्यांनाच ती पुन्हा पुन्हा दिसेल अशी सोय केली. ज्यांनी तुकडा उचलला होता त्या वीस जणांना एकेक करून लिहिलं. सात जणांनी काढला. बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही.

जाहिरात चालली नाही. लोक चार सेकंद थांबायचे आणि पुढं जायचे. तिसऱ्या दिवशी पडद्यावर सूचना आली की ही जाहिरात कमकुवत आहे, बंद करून दुसरी करून बघा. रोज सकाळी ती सूचना यायची आणि रोज सकाळी रूपाली ती बाजूला सारायची. काही जणांनी खाली माफी मागितली. काही जणांनी रूपालीलाच शिव्या घातल्या, त्या तिनं ठेवल्या. एकानं लिहिलं, 'म्हणजे आता मुलगा चांगला दाखवून चटणी विकायची का?' तीही तिनं ठेवली.

मागणी निम्म्याच्याही खाली आली. नवीन पुडीवर नुसती लाल मिरची आणि 'कुरुंदवाडची चटणी' एवढंच छापलं. पुड्या भरणाऱ्या दोन बायांना तिनं काढलं नाही. काम कमी म्हणून त्या दुपारपर्यंतच यायच्या. मोना एकदा म्हणाली, "ताई, आता पुरे की. किती दिवस चालवणार?" रूपाली म्हणाली, "आधीची जेवढे दिवस चालली तेवढे."

प्रसेनदादाला तिनं दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा त्यानं, "पाळीवर हाय, नंतर बोलू," एवढंच सांगितलं. बैठकीत येऊन सगळ्यांसमोर सांगते, असा निरोप तिनं वहिनीकडून धाडला, तर उत्तर आलं, नको, अध्यक्ष ठरला, आता विषय नको.

चौदा एप्रिलला ती न बोलावता वारणानगरला गेली. कॉलनीच्या चौकात मांडव पडला होता, निळे झेंडे लागले होते. अध्यक्ष म्हणून दुसराच कुणी फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत होता. प्रसेनदादा मांडवाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीशी होता, बाह्या दुमडून, पाण्याचे जार भरत. रूपालीला बघून त्यानं मान हलवली. ती जाऊन शेजारी उभी राहिली आणि रिकामे जार त्याच्या हातात देऊ लागली. दोघं बराच वेळ तेच करत राहिले.

"दादा," ती म्हणाली, "मला काय बोलावं ते..."

"बघितला मी तो व्हिडिओ," तो म्हणाला. "सगळा. कॉलनीत बऱ्याच जणांनी बघितला. एकदोघं येऊन बोलले पण."

"मी ती ओळ..."

"ओळीचं सोड." त्यानं नळ बंद केला. "तू आधी गप ऐक. लोक म्हणायचे तेव्हा मला राग यायचा. मग रोज रोज ऐकून मी हिशेब लावाय लागलो. गेल्या दोन हंगामांत किती रविवार चुकले. अकरा चुकले. हंगाम होता, डबल पाळी होती, समदं खरं हाय. पण दोन रविवार मी नुसता झोपलो होतो, रूपा. दमलो होतो, घरात झोपलो होतो, आणि आईला सांगितलं पाळी हाय. हे कधी मला आठवलंपण नसतं. आता सारखं आठवतंय."

"दादा, ते सगळेच करतात."

"करतात. पण त्यांना कुणी विचारलेलं नसतंय."

मांडवातून कुणीतरी पाणी मागितलं. त्यानं भरलेला जार उचलून खांद्यावर घेतला.

"तुझ्यावर राग हाय का म्हणशील, तर हाय," तो म्हणाला. "जाईल का, ते मला माहीत न्हाय. तू आलीस ते बरं केलंस. जेवून जा, पूर्णिमानं तुझं ताट धरलंय."

तो जार घेऊन मांडवात गेला. रूपाली तिथंच टाकीपाशी उभी राहिली. त्याला सांगावं असं बरंच काही तिच्याजवळ होतं, पण त्या दोन रविवारांचं ओझं त्याच्या मनावरून उतरवील असं त्यात एकही वाक्य नव्हतं. शब्दांच्या जोरावर जगणाऱ्या बाईला ते आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिनं दुसरा जार नळाखाली लावला आणि तो भरेपर्यंत थांबली.